राकू घराणे: मातीच्या वाडग्याचा साडेचार शतकांचा वारसा

जपानमधील क्योतो शहराच्या कामिग्यो भागात आबुरानोकोजी नावाच्या रस्त्यावर राकू कुटुंबाचे घर, भट्टी आणि संग्रहालय एकमेकांना लागून आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे कुटुंब मुख्यतः एकच वस्तू घडवत आले आहे: चहापानाच्या विधीत वापरला जाणारा मातीचा वाडगा. घराण्याचा मूळ पुरुष चोजिरो १५८९ साली वारला आणि २०१९ साली सोळाव्या पिढीने सूत्रे हाती घेतली. या अवधीत जपानने यादवी युद्धे, तोकुगावा शोगुनांची अडीचशे वर्षांहून दीर्घ राजवट, मेइजी क्रांती आणि दोन महायुद्धे पाहिली. क्योतो शहर आगीत होरपळले आणि राजधानीचा मान तोक्योकडे गेला. घराण्याची भट्टी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पेटत राहिली.

पिढीजात कारागिरीत बापाने मुलाला ठरलेले नमुने, ठरलेली प्रमाणे आणि ठरलेल्या युक्त्या शिकवाव्यात ही सर्वसाधारण रीत असते. राकू घराण्याने वारशाची वाटणी वेगळ्या तऱ्हेने केली. माती, भट्टी, घडवण्याची पद्धत, नाव आणि पूर्वजांचे वाडगे वारसाला मिळतात. झिलईची कृती आणि वाडग्याचे रूप मात्र ज्याचे त्याने शोधायचे असते. घराण्याचा इतिहास या वाटणीच्या आधारे नीट उलगडतो.

कौलांचा कारागीर आणि चहाचा आचार्य

जपानी चहापानाच्या विधीत हिरव्या चहाची बारीक पूड गरम पाण्यात बांबूच्या घुसळणीने घोटतात. दाट चहा असेल तर एकाच वाडग्यातून पाहुणे पाळीपाळीने घोट घेतात. त्यामुळे वाडगा दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणारा, हाताला न पोळणारा आणि ओठाला मऊ लागणारा असावा लागतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांत या कामासाठी चीनमधून आलेल्या वाडग्यांना मोठा मान होता. पुढे कोरियातील साध्या भांड्यांचीही आवड निर्माण झाली. साकाई बंदरातील व्यापारी कुळात जन्मलेल्या सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) याने चहापानाला साधेपणाचे आणि विरक्तीचे वळण दिले. दोन चटयांएवढी खोली, मंद उजेड आणि मोजकी साधने या त्याच्या मांडणीत भपकेदार परदेशी भांडे शोभेना. त्याला नवा वाडगा हवा होता आणि तो चोजिरोकडून मिळाला.

घराण्यातील जुन्या टिपणांनुसार चोजिरोचा बाप आमेया हा चीनमधून आलेला होता. चिनी धर्तीच्या रंगीत झिलईची भांडी करणे हा त्याचा व्यवसाय होता. झिलई म्हणजे भाजलेल्या भांड्यावर बसणारा काचेसारखा थर. चोजिरो छपरावरच्या कौलांच्या आणि शोभेच्या मूर्तींच्या कामातही तरबेज होता. त्याची सन नोंदवलेली सर्वांत जुनी उपलब्ध कृती म्हणजे १५७४ सालची सिंहाची मूर्ती. तिच्यातील आवेश आणि स्नायूंचा पीळ पाहिला तर हा माणूस ठसठशीत शिल्प करू शकत होता हे स्पष्ट दिसते. रिक्यूच्या सांगण्यावरून त्याने केलेल्या वाडग्यांत मात्र हा आवेश लोपला आहे. ते बहुधा काळे किंवा तांबूस आहेत. त्यांवर नक्षी नाही, चमक नाही आणि आकारात कोणताही नखरा नाही. ‘ओगुरो’ हा काळा आणि ‘मुइचिबुत्सु’ हा लाल वाडगा या वळणाचे नमुने मानले जातात.

१५८६ साली नारा येथे झालेल्या एका चहापानाच्या नोंदीत ‘सोएकीच्या घाटाचा वाडगा’ असा उल्लेख आहे. सोएकी हे रिक्यूचेच नाव. चोजिरोच्या वाडग्यांचा हा आरंभीचा लेखी दाखला समजला जातो. त्या काळी या भांड्यांना ‘इमायाकी’, म्हणजे सध्याची, नव्या धाटणीची भांडी, असे म्हणत. पुढे ‘जुराकूयाकी’ हे नाव रूढ झाले. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने क्योतोत बांधलेल्या जुराकुदाई या प्रासादाशी आणि त्या परिसरातील मातीशी ते जोडलेले आहे. ‘राकू’ हे त्याचेच संक्षिप्त रूप. हे अक्षर कोरलेला शिक्का हिदेयोशीने दिला अशी घराण्याची परंपरा सांगते. स्वतः चोजिरोच्या वाडग्यांवर मात्र शिक्का नाही.

या आरंभकाळाला राजकीय अस्थैर्याची किनार होती. हिदेयोशीच्या आज्ञेने रिक्यूला १५९१ साली आत्महत्या करावी लागली. जुराकुदाई प्रासादही १५९५ साली पाडण्यात आला. आश्रयदात्याचा प्रासाद आणि प्रेरणा देणारा आचार्य दोन्ही नाहीसे झाले, तरी वाडग्यांचे काम चालू राहिले. त्याचे श्रेय तानाका कुटुंबाला जाते.

चोजिरोनंतरचे तानाका कुटुंब

चोजिरोच्या हयातीतच तानाका सोकेई आणि त्याचे मुलगे त्याच्या कामात सहभागी होते. दोन्ही कुटुंबे लग्नसंबंधाने जोडलेली होती. सोकेईने केलेली सिंहाच्या आकाराची एक धूपदाणी उपलब्ध आहे. तिच्यावर १५९५ हे साल आणि त्याचे साठ हे वय कोरलेले आहे. म्हणजे तो चोजिरोच्या वारसापेक्षा त्याचा सहकारीच अधिक होता. आज ‘चोजिरोचे’ म्हणून ओळखले जाणारे वाडगे एकाच हातचे नसून एका लहान कारखान्यातून बाहेर पडले असावेत, हे मत अभ्यासकांत त्यामुळेच मान्य झाले आहे.

सोकेईचा मुलगा जोकेई (मृत्यू १६३५) हा घराण्यातील दुसरा पुरुष मानला जातो. आजचे राकू घराणे त्याच्यापासून पुढे चालले. चोजिरो आणि जोकेई यांचे बापलेकाचे नाते नव्हते. पहिल्याच पायरीवर वंश सरळ रक्ताने उतरलेला नाही, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

जोकेई आणि त्याचा मुलगा दोन्यू (१५९९-१६५६) यांचा होनआमी कोएत्सू (१५५८-१६३७) याच्याशी निकटचा संबंध आला. कोएत्सूच्या घरी तलवारी पारखण्याचा आणि घासून चकचकीत करण्याचा पिढीजात धंदा होता. तो स्वतः सुलेखनकार आणि कलावंत म्हणून नावाजलेला होता. १६१५ साली तोकुगावा इएयासूने त्याला क्योतोच्या उत्तरेस ताकागामिने येथे जमीन दिली. तिथे तो हौसेने वाडगे घडवू लागला. माती राकूंकडून येई आणि भाजणीही त्यांच्याकडे होई. चार वाडग्यांपुरती पांढरी आणि लाल माती घेऊन लवकर यावे, अशा आशयाचे त्याचे पत्र जपून ठेवलेले आहे. राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलेला त्याचा ‘फुजीसान’ हा वाडगा याच संबंधातून जन्मला. धंदेवाईक कुंभार नसलेल्या या माणसाच्या मोकळ्या हाताचा परिणाम दोन्यूवर झाला. त्याने वाडग्याच्या भिंती पातळ केल्या, झिलईला झळाळी आणली आणि काठावरून ती पडद्यासारखी ओघळू दिली. चोजिरोचा निःशब्द काळा रंग तिसऱ्याच पिढीत पालटला होता.

घडण आणि भाजणी

राकू वाडगा चाकावर घडवत नाहीत. मातीची जाडसर चकती थापून तिच्या कडा दोन्ही तळव्यांनी हळूहळू वर उचलतात. ओंजळीच्या आकारातच वाडगा उभा राहतो. माती थोडी सुकली की लोखंडी पात्याने आतून-बाहेरून तासून भिंतीची जाडी, काठ आणि खालची बैठक ठरवतात. चाकावरच्या भांड्याला येणारी गोलाई या पद्धतीत येत नाही. काठ किंचित खाली-वर राहतो आणि प्रत्येक बाजू वेगळी दिसते.

काळ्या वाडग्याची झिलई क्योतोच्या कामो नदीतील लोहयुक्त दगडाच्या पुडीपासून होते. ती दहा किंवा अधिक वेळा लावून प्रत्येक थर वाळवावा लागतो. भाजणीची भट्टी घराच्या आवारातच असते आणि ती अगदी लहान असते. काळा वाडगा बहुधा एकेकटाच भाजतात. मातीच्या आतल्या कोठीत वाडगा ठेवून भोवती लोणारी कोळसा रचतात आणि मोठ्या भात्याने वारा घालून उष्णता सुमारे हजार ते बाराशे अंश सेल्सियसपर्यंत चढवतात. झिलई वितळल्याचे डोळ्यांनी पाहून, लालभडक वाडगा लांब सांडशीने बाहेर काढतात. उघड्या हवेत तो झपाट्याने निवतो आणि झिलई गर्द काळी होते. पुष्कळ काळ्या वाडग्यांच्या अंगावर सांडशीने धरल्याची खूण दिसते. लाल वाडग्यासाठी गेरूसारखी लोहयुक्त माती आणि पारदर्शक झिलई वापरतात. त्याची भाजणी कमी तापमानात होते आणि एका वेळी काही वाडगे भट्टीत बसतात.

या पद्धतीचे परिणाम वापरात जाणवतात. भांडे पूर्ण काचमय होईपर्यंत भाजले जात नसल्याने त्याचे अंग सच्छिद्र राहते. उष्णता बाहेर हळूहळू येते. चहा गरम राहतो आणि हात पोळत नाही. व्यवसायाच्या दृष्टीने परिणाम असा की उत्पादन वाढवताच येत नाही. एकेक वाडगा हाताने घडवायचा, थरावर थर चढवायचे आणि भाजणीही एकट्याची करायची, म्हटल्यावर मोठा कारखाना उभारण्याचा प्रश्नच उरत नाही. हिझेन प्रांतातील आरिता येथे सतराव्या शतकात चिनी मातीच्या भांड्यांचे मोठे उद्योग उभे राहिले आणि त्यांचा माल युरोपपर्यंत गेला. राकू घराणे त्या वाटेला गेले नाही. त्याची भट्टी घराच्या अंगणापुरतीच राहिली.

काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही

घराण्यातली रीत अशी की विद्या एकाच वारसाला मिळते. दुसऱ्या मुलाने घरात राहून स्वतःची वेगळी भट्टी चालवायची नाही. गादीवर येताना वारस ‘किचिझाएमोन’ हे परंपरागत नाव धारण करतो. निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर त्याला दुसरे नाव मिळते आणि बहुतेकदा त्याचा शेवट ‘न्यू’ असा होतो. दोन्यू, इचिन्यू, सोन्यू, र्योन्यू ही नावे त्याच पठडीतली आहेत. इतिहासात हे कारागीर याच नावांनी ओळखले जातात. वाडग्यावर उमटवायच्या शिक्क्यात ‘राकू’ हेच अक्षर राहते, मात्र त्याची घडण प्रत्येक पिढीत निराळी असते. त्यामुळे वाडगा कोणत्या पिढीचा, हे जाणकाराला खालची बाजू पाहून ओळखता येते.

मातीच्या बाबतीत घराण्याचा नेम दूरदृष्टीचा आहे. चांगली माती सापडली की ती साठवून मुरवतात आणि ती पुढच्या पिढ्यांच्या कामी येते. पणजोबाने जमवलेली माती पणतूने वापरावी आणि स्वतः शोधलेली माती आपल्या पणतूसाठी ठेवावी, अशी ही साखळी आहे. स्वतःच्या हयातीत उपयोग नसलेल्या मालासाठी कष्ट करण्याची सवय या साखळीने लावली.

झिलईची कृती मात्र बाप मुलाला सांगत नाही. मुलगा लहानपणापासून भट्टीजवळ वावरतो, भाजणीच्या रात्री मदत करतो आणि पाहून शिकतो. प्रमाणे त्याला स्वतःच प्रयोग करून ठरवावी लागतात. घडवण्याचेही तोंडी पाठ नाहीत. या दंडकामुळे अनेक वर्षे वाया जात असतील, पण त्यानेच दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे प्रत्येक पिढीचा काळा रंग वेगळा झाला. दुसरी म्हणजे चोजिरोची नक्कल करून निभावून नेण्याची सोय उरली नाही. चौथा इचिन्यू (१६४०-१६९६) याने काळ्या झिलईत लाल छटांचे ठिपके आणले. पाचवा सोन्यू (१६६४-१७१६) याने सगळी चमक काढून टाकली आणि लोखंडासारखा रुक्ष, खडबडीत काळा रंग काढला. १६९० साली रिक्यूच्या मृत्युशताब्दीच्या सुमारास त्याच्या विचारांकडे चहाच्या जगाचे लक्ष पुन्हा वळले होते. सोन्यूच्या कामात चोजिरोकडे परतण्याची ही ओढ दिसते, पण त्याचा पृष्ठभाग चोजिरोचा नाही. नववा र्योन्यू (१७५६-१८३४) याने पात्याने तासल्याच्या धीट खुणा मुद्दाम ठेवल्या आणि त्यांनाच वाडग्याचे सौंदर्य मानले.

दत्तकाची वाट

‘न्यू’ नावांची ही माळ पाहिली की वंश बापाकडून मुलाकडे अखंड चालल्याचा भास होतो. वस्तुस्थिती तशी नाही. पाचवा सोन्यू, सहावा सान्यू आणि अकरावा केइन्यू हे तिघेही बाहेरून आलेले होते. जपानी व्यापारी आणि कारागीर घराण्यांत रक्तापेक्षा घराचे नाव आणि धंदा टिकवण्याला महत्त्व असे. वारस नसेल किंवा लायक नसेल तर मुलगा दत्तक घेत, नाहीतर मुलीला नवरा शोधून त्यालाच घराचे नाव देत.

सोन्यू हा क्योतोतील कारिगानेया या कापडव्यापारी घराण्यातला होता. चित्रकार ओगाता कोरीन आणि कुंभकार ओगाता केन्झान हे त्याचे चुलतभाऊ. ओगाता घराण्यात कोएत्सूची बहीण दिलेली होती, त्यामुळे जुना संबंधही होता. इचिन्यूने त्याला अगदी तान्हेपणी दत्तक घेतले. इचिन्यूला इचिगेन नावाचा स्वतःचा मुलगाही होता. तो राकू घराण्याच्या बाहेर राहिला आणि क्योतोच्या दक्षिणेस तामामिझु येथे त्याने स्वतंत्र भट्टी काढली. म्हणजे रक्ताचा मुलगा बाहेर गेला आणि दत्तक मुलगा गादीवर बसला. घराण्याच्या उगमाविषयीची सर्वांत महत्त्वाची लेखी माहितीही सोन्यूच्याच काळातली आहे. १६८८ सालच्या या टिपणांत आमेया, चोजिरो, सोकेई आणि त्यांचे नातेसंबंध नोंदवलेले आहेत. बाहेरून आलेल्या वारसाच्या काळातच घराण्याची वंशावळ कागदावर उतरली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सहावा सान्यू (१६८५-१७३९) हा सोन्यूचा जावई होऊन घरात आला. त्याने दोनशे वाडग्यांची एक मालिका केली आणि ओमोतेसेन्के या चहाच्या संप्रदायाचे प्रमुख जोशिन्साई यांनी त्यांतील वाडग्यांना स्वतंत्र नावे दिली. ‘सान्यूचे दोनशे’ या नावाने ती मालिका ओळखली जाते. तोवर वाडग्याला नाव देणे हा मानाचा संस्कार झाला होता.

घरात मुलगा असूनही अडचण येऊ शके. आठवा तोकुन्यू (१७४५-१७७४) प्रकृतीने अशक्त होता. त्याने तरुणपणीच गादी सोडली आणि लवकरच तो वारला. त्याचा धाकटा भाऊ र्योन्यू १७७० साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास गादीवर आला. १७८८ साली तेनमेईच्या महाआगीत क्योतोचा बहुतांश भाग जळाला. त्या आगीत राकूंचे घरही गेले. दीर्घायुषी र्योन्यूने घडी पुन्हा बसवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत काम केले. घराण्यातील त्याच्या कर्तृत्वाला दोन्यूच्या खालोखाल मान दिला जातो.

सेन घराण्यांचा आधार आणि शाखाभट्ट्या

राकूंच्या चिकाटीइतकाच त्यांच्या गिऱ्हाइकांच्या चिकाटीचाही या वारशात वाटा आहे. रिक्यूचा नातू सोतान याच्या मुलांपासून ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के अशी तीन घराणी निघाली. चहाची विद्या शिकवणारी ही घराणीही वंशपरंपरेने चालत आली आहेत. त्यांच्या प्रमुखांना लागणारे वाडगे राकू घराणे पिढ्यान्‌पिढ्या पुरवत आले. मोबदल्यात सेन प्रमुख वाडग्याच्या लाकडी पेटीवर स्वतःच्या हाताने नाव आणि कर्त्याचा उल्लेख लिहीत. ही पेटी वाडग्याचा दाखला ठरे. जुन्या वाडग्याची किंमत आणि खरेपणा आजही पेटीवरच्या अक्षरावरून बऱ्याच अंशी ठरतो. सेन घराण्यांशी बांधलेल्या कारागीर कुटुंबांची संख्या आधुनिक काळात दहा अशी स्थिरावली. ‘सेन्के जिश्शोकू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दहांत लोखंडी किटल्या, लाखेचे काम, बांबूचे काम करणारी कुटुंबे आहेत आणि वाडग्यांसाठी राकू आहेत.

सरंजामी आश्रयही मिळत गेला. दहावा तान्न्यू (१७९५-१८५४) याला किशूचे अधिपती तोकुगावा हारुतोमी यांनी आपल्या बागेतील भट्टीवर काम करण्यासाठी बोलावले. ‘काइराकुएन’ नावाने ओळखली जाणारी ती भांडी प्रसिद्ध आहेत.

राकू पद्धत एकाच घरात कोंडून राहिली असेही नाही. १६६६ साली उरासेन्केचे प्रमुख सेन्सो सोशित्सू हे कागा प्रांताचे अधिपती माएदा त्सुनानोरी यांच्या बोलावण्यावरून कानाझावाला गेले. त्यांच्याबरोबर राकू भट्टीवर शिकलेला चोझाएमोन हा कारागीर होता. त्याने ओही गावच्या मातीवर पिंगट झिलईचे वाडगे केले आणि तिथे ओही घराणे सुरू झाले. तेही आजपर्यंत चालू आहे. मुख्य घराने शाखांवर मालकी न सांगता त्यांना वेगळे नाव आणि वेगळा रंग घेऊ दिला. त्यामुळे मूळ घराच्या नावाला धक्का न लागता पद्धत पसरली.

मेइजी काळ ते महायुद्ध

१८६८ च्या मेइजी क्रांतीनंतर संस्थानिकांची सत्ता गेली आणि त्यांचा आश्रयही संपला. सरकार तोक्योला गेले आणि क्योतोची रया उतरली. पाश्चात्त्य विद्येच्या ओढीत चहापान जुनाट वाटू लागले. या पडत्या काळात घराणे अकरावा केइन्यू (१८१७-१९०२) याच्या हाती होते. तो तान्बा प्रांतातील साके गाळणाऱ्या कुटुंबातून दत्तक आलेला होता. गिऱ्हाईक घटले असतानाही त्याने वाडग्यांखेरीज धूपदाण्या, फुलदाण्या आणि शोभेच्या मूर्ती असे नाना प्रकारचे काम केले. दीर्घ आयुष्यात त्याने संकटाचा काळ पार केला आणि गादी मुलगा कोन्यू (१८५७-१९३२) याच्याकडे सोपवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवश्रीमंत उद्योगपतींना चहाची आणि जुन्या वाडग्यांच्या संग्रहाची गोडी लागली. पुढे मुलींच्या शिक्षणात चहापानाचा समावेश झाल्याने सेन संप्रदायांचा विस्तार झाला. राकूंच्या वाडग्यांना त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले.

तेरावा सेइन्यू (१८८७-१९४४) याने झिलईचा अभ्यास केला आणि चहाविषयी नियतकालिकही चालवले. दुसऱ्या महायुद्धाने मात्र घराण्याला गंभीर पेच घातला. सेइन्यू १९४४ साली वारला, तेव्हा त्याचा मुलगा काकुन्यू (१९१८-१९८०) सैन्यात होता. १९४० साली तोक्योच्या कलाविद्यालयातून तो शिल्पकलेचे शिक्षण घेऊन बाहेर पडला होता. भट्टीवर बापाच्या हाताखाली काम करण्याची वेळ येण्याआधीच युद्धाने त्याला नेले होते. युद्ध संपल्यावर तो परतला तेव्हा शिकवणारे कोणी नव्हते. झिलई स्वतः शोधायची हा घराण्याचा जुना नेम या प्रसंगी उपयोगी पडला. लेखी कृती नसल्याने काही हरवले नव्हते, आणि घरातले पूर्वजांचे वाडगे पाहून, माती आणि भट्टीच्या आधाराने पुन्हा उभे राहता आले.

संग्रहालय

पूर्वजांचे वाडगे घरातच राखण्याची जुनी रीत राकूंकडे होती. पुढच्या वारसाने ते हाताळावेत, त्यांतून शिकावे हा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये खासगी संग्रह टिकवणे कठीण झाले. वारसाकर आणि विक्रीचा मोह यांनी अनेक जुन्या घरांचे संग्रह विखुरले. काकुन्यूने १९७८ साली घराण्याच्या संग्रहासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान केले आणि घराशेजारी राकू संग्रहालय उघडले. सर्व पिढ्यांचे वाडगे, चहाची इतर साधने आणि जुने कागद तिथे आले. कुटुंबाची मालमत्ता आता सार्वजनिक ठेवा झाली, तरी ती जागची हलली नाही आणि वारसाला अभ्यासासाठी हाताशी राहिली.

या संग्रहालयाचा एक उपक्रम विशेष आहे. ठरावीक दिवशी पाहुण्यांना निवडक वाडगे मार्गदर्शनाखाली हातात घेऊन पाहता येतात, तर काही चहापानांत संग्रहातल्या वाडग्यांतून चहा दिला जातो. वजन, ऊब आणि काठाचा स्पर्श हे राकू वाडग्याचे मुख्य गुण काचेच्या पेटीतून कळू शकत नाहीत, हा विचार त्यामागे आहे.

पंधरावा किचिझाएमोन (जन्म १९४९) याने तोक्योच्या कला विद्यापीठातून १९७३ साली शिल्पकलेची पदवी घेतली आणि नंतर इटलीत वास्तव्य केले. बापाच्या मृत्यूनंतर १९८१ साली तो गादीवर आला. त्याचे वाडगे पात्याने उभे-आडवे छाटलेले, कडा तुटल्यासारखे आणि काळ्या-सोनेरी-राखी छटांचे आहेत. चोजिरोच्या शांत आकारापासून ते फार दूर आहेत. शिगा प्रांतातील सागावा कला संग्रहालयात २००७ साली त्याच्या कामाचे दालन आणि चहाची खोली उघडली. त्या वास्तूची कल्पना त्याचीच होती. युरोप, अमेरिका आणि रशियात घराण्याच्या कामाची प्रदर्शने झाली. २०१६-१७ साली क्योतो आणि तोक्यो येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत चोजिरोपासून पुढच्या सर्व पिढ्यांचे वाडगे एकत्र मांडले गेले. २०१९ साली त्याने मुलाकडे गादी सोपवली आणि जिकिन्यू हे नाव घेतले. १९८१ साली जन्मलेला मुलगा सोळावा किचिझाएमोन झाला.

‘राकू’ नावाचा जगभर प्रवास

घराण्याबाहेर या नावाला वेगळाच इतिहास लाभला. इंग्रज कलावंत बर्नार्ड लीच १९११ साली तोक्योत एका मेजवानीला गेला होता. पाहुण्यांनी तयार भांड्यांवर चित्रे काढायची आणि ती तिथल्या तिथे लहान भट्टीत राकू पद्धतीने भाजून द्यायची, असा तो कार्यक्रम होता. त्यातूनच लीच कुंभकलेकडे वळला. इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्‌ज येथे त्याने भट्टी काढली आणि १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातून राकूची माहिती पाश्चात्त्य कुंभकारांपर्यंत पोहोचली. १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर याने लालभडक भांडे भट्टीतून काढून पालापाचोळ्यात टाकण्याचा प्रयोग केला. धुरामुळे झिलईतले तडे काळे उमटतात आणि धातूसारखी चमक येते. आज भारतासह जगभरच्या कुंभकला कार्यशाळांत ‘राकू’ म्हणून शिकवली जाते ती बहुतांशी हीच पद्धत. क्योतोतील राकू घराण्याच्या पद्धतीत भांडे धुरात घालण्याची ही पायरी नाही. दोहोंत समान आहे ते तापलेले भांडे भट्टीतून बाहेर काढणे एवढेच. घराण्याने जपलेला वारसा आणि जगात पसरलेले नाव यांत म्हणून फरक करावा लागतो.

वारसा टिकण्याची कारणे

राकू घराणे टिकण्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. उत्पादन लहान ठेवल्यामुळे बाजारातील चढउतारांत मोठे भांडवल बुडण्याचा धोका नव्हता. गिऱ्हाईक असलेली सेन घराणीही वंशपरंपरेने चालणारी होती, त्यामुळे मागणी एका माणसाच्या आवडीवर अवलंबून राहिली नाही. दत्तकाची मोकळीक असल्याने वारसाअभावी धंदा बंद पडला नाही. पूर्वजांचे वाडगे न विकता राखले गेले आणि विसाव्या शतकात त्यांना कायदेशीर संरक्षण मिळाले. झिलईची कृती न सांगण्याच्या दंडकाने प्रत्येक वारसाला कलावंत होणे भाग पाडले.

या रचनेच्या मर्यादाही उघड आहेत. एकाच वारसावर सगळा भार पडतो आणि बाकीच्या भावंडांना वेगळी वाट धरावी लागते. सोळा पिढ्यांच्या यादीत गादीवर स्त्री आलेली नाही. सेन संप्रदायांशी असलेल्या घट्ट नात्यामुळे चहापानाच्या जगात मंदी आली की तिची झळ थेट घराण्याला लागते. मेइजी काळात हे दिसून आले. गाठीशी असलेली जुनी माती आणि कामो नदीचा दगड यांचा साठा अमर्याद नाही. चोजिरोपासूनच्या पिढ्यांनी अशा अडचणींतून प्रत्येक वेळी आपापल्या काळाला साजेसा मार्ग काढला. सोळाव्या पिढीपुढेही हेच काम आहे: मिळालेली माती वापरणे, पुढच्यांसाठी नवी शोधून ठेवणे आणि स्वतःचा काळा रंग स्वतः काढणे.